सुतारकामाचं सार्वजनिक शेड: तिथे काय बनतं, कुणासाठी बनतं, आणि आपल्याकडे जमेल का?

सागवान (धागालेखक)

निवृत्तीनंतरच्या वेळेबद्दलच्या धाग्यावर मी मेलबर्नमधल्या आमच्या शेडचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच विचारपूस झाली. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियात घराच्या मागच्या अंगणात पत्र्याचं शेड असणं आणि घरच्या पुरुषाने सुट्टीच्या दिवशी तिथे हत्यारं घेऊन बसणं ही जुनी रीत. वय झालं, घर विकून लहान जागेत गेलं की शेड जातं आणि दिवसभराचा उद्योगही जातो. १९९३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गूलवा गावात, वृद्धसेवेत काम करणाऱ्या मॅक्सीन किटो यांच्या पुढाकाराने अशा पुरुषांसाठी एक सामायिक शेड सुरू झालं. 'मेन्स शेड' हे नाव लावून पहिलं शेड उघडलं ते २६ जुलै १९९८ रोजी, व्हिक्टोरियातल्या टोंगाला इथे. २००७ मध्ये देशभरातल्या शेडांची संघटना झाली. आज एकट्या ऑस्ट्रेलियात हजाराच्या वर शेड आहेत, आणि आयर्लंड, ब्रिटन, न्यूझीलंड, कॅनडातही हे लोण पोचलंय. २०१० च्या पुरुष-आरोग्य धोरणात सरकारने शेडांसाठी पैसेही ठेवले. घरात एकटे बसणारे आणि डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करणारे पुरुष इथे आपल्या पायांनी येतात, हे त्यामागचं कारण. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, शेजारी उभं राहून काम करता करता करतात, असं इथे सगळेच सांगतात. मला ते पटलंय.

पण मला लिहायचंय ते तिथे बनणाऱ्या वस्तूंबद्दल.

माझं आयुष्य भोसरीच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यासाठी साचे आणि हत्यारं अचूक मापात बनवणाऱ्या विभागात गेलं. लेकीकडे इथे राहायला आलो तेव्हा लाकडाची ओळख नव्हती, मापाची होती. आमचं शेड नगरपालिकेच्या एका जुन्या गोदामात आहे. आठवड्यातून दोनदा सकाळी उघडतं, साडेदहाला सगळी यंत्रं बंद करून चहा होतो. सभासदांत निवृत्त प्लंबर आहेत, शाळामास्तर आहेत, मूळचा ग्रीसचा एक कसलेला कपाटवाला सुतार आहे, आणि कधी हातात करवत न धरलेलेही आहेत.

दाराशेजारी एक फळा आहे. त्यावर मागण्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात: कुणाला हवंय, काय हवंय, कशासाठी, मापं काय, कधीपर्यंत. बालवाडीला चिखलात खेळायचं लाकडी 'स्वयंपाकघर', एका आजींना बाथरूमच्या उंबऱ्यावर ठेवायला उतरती पट्टी, निवारागृहाला पुस्तकांचं कपाट. ज्याला जे जमेल ती चिठ्ठी तो काढून घेतो. शेडचा एकच कडक नियम आहे, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो: मागणी नसेल तर दानासाठी काहीही बनवायचं नाही. आधी चिठ्ठी, मग लाकडाला हात. आपल्याला लेथवर वाडगे कातायला आवडतात म्हणून चाळीस वाडगे कातून कुठल्याशा संस्थेच्या दारात नेऊन ठेवायचे, हे चालत नाही. संस्था नको म्हणू शकत नाहीत, वाडगे कपाटात पडून राहतात, आणि देणाऱ्याला वाटतं आपण सेवा केली.

मागणीवरून काम केलं की किती शिकायला मिळतं याचं एक उदाहरण देतो. इथल्या निसर्गसंवर्धन गटांकडून घरट्याच्या पेट्यांची मागणी सतत असते. निलगिरीच्या जुन्या झाडांत नैसर्गिक ढोल्या असतात, त्यांत पोपट, पॉसम (झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला प्राणी), ग्लायडर (झाडावरून झाडावर तरंगत जाणारा छोटा पॉसम), वटवाघळं राहतात. अशी ढोली तयार व्हायला शंभर वर्षांहून जास्त काळ लागतो. २०१९-२० च्या वणव्यांत जुनी झाडं जळाली, तेव्हा ठिकठिकाणच्या शेडांनी पेट्या करायला घेतल्या.

पेटी म्हणजे सहा फळ्या आणि एक भोक, असं मलाही वाटलं होतं. गटाने दिलेला कागद वाचल्यावर कळलं की प्रत्येक रहिवाशाची पेटी निराळी. शुगर ग्लायडरला साधारण ४५ मिलिमीटरचं भोक पुरतं. छोट्या वटवाघळांना भोक नकोच, खालून १५ ते २० मिलिमीटरची फट हवी. आतून रंग नाही, पॉलिश नाही. पुढच्या फळीला आतल्या बाजूने करवतीने आडव्या खाचा पाडायच्या, म्हणजे पिल्लांना नखं अडकवून वर चढता येतं. गुळगुळीत प्लाय असेल तर पिल्लू तळाशीच अडकतं. तळाला पाणी जायला भोकं, छप्पर पुढे आलेलं. झाडाला खिळा नाही, रबरी नळीतून ओवलेली तार आणि तिला वळसे, म्हणजे खोड जाड झालं तरी तार रुतत नाही.

एक गोष्ट आपल्या सगळ्यांना ओळखीची. आपली साळुंकी! १८६०च्या दशकात किडे खाईल म्हणून ती मेलबर्नला मुद्दाम आणून सोडली. आता ती इथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते. म्हणून ग्लायडरच्या पेटीचं भोक पुढे न ठेवता मागे, खोडाच्या बाजूला ठेवतात. ग्लायडर खोडावरून सरपटत आत शिरतो, साळुंकीला ते जमत नाही. एक भोक पुढचं मागे नेल्याने पेटीत कोण राहणार ते बदलतं. हे मला कुठल्याही सुताराने सांगितलं नसतं, ते मागणाऱ्याकडूनच कळलं.

आता मुद्द्याचा प्रश्न. असं काही पुणे-नाशिक-कोल्हापूरकडे उभं करता येईल का? निवृत्त, हाताला सवय असलेली माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. अडचणी कुठल्या येतील, कामं कुठली घ्यावीत, सगळ्यांनी लिहा. मी दरवर्षी दोन-तीन महिने पुण्यात असतो, मला यात खरोखर रस आहे.

मधुमालती

फार छान लिहिलंय काका. साळुंकीचा भाग वाचून थक्क झाले. एक प्रश्न: 'मेन्स शेड' म्हणजे बायकांना प्रवेश नाही का? मला स्वतःला रंधा मारायला शिकायचंय. वडिलांनी लहानपणी भावाला शिकवलं, मला नाही.

सागवान

मधुमालती, शेडागणिक नियम वेगळे. काही फक्त पुरुषांची आहेत, बरीच सगळ्यांसाठी खुली आहेत, आणि आता बायकांनी चालवलेली शेडही आहेत. आमच्याकडे एक दिवस सगळ्यांचा असतो. पुण्यात काढायचं तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठीच काढावं या मताचा मी आहे. एकटेपण काही फक्त पुरुषांच्या वाट्याला येत नाही.

आणि रंधा जरूर शिका. पहिला महिना फक्त पातं धार लावण्यात घालवा. नखावर ठेवलं की न घसरता थांबलं पाहिजे. बोथट पात्यावर जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो.

पांगारा

सावंतवाडीचा आहे, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं पिढ्यान्‌पिढ्या होतात. पांगाऱ्याचं लाकूड वजनाला हलकं, मऊ, कातायला सोपं. आंबाही वापरतात.

खेळणी द्यायची असतील तर दोन गोष्टी पहिल्या दिवशी ठरवा. एक, रंग. मूल खेळणं तोंडात घालणारच. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असावं असा नियम २०१७ पासून लागू आहे, तरी सुट्या डब्यातला किंवा कारखान्यासाठीचा रंग कुणी स्वस्तात दिला म्हणून घेऊ नका. रंग न लावता नुसतं घासून खाद्यतेल किंवा मेण चोळलं तरी खेळणं देखणं दिसतं. लाखेचं काम येत असेल तर उत्तमच.

दुसरी गोष्ट, सुटे भाग. चाक, मणी, डोळे.

सागवान

पांगारा, अगदी बरोबर. आमच्याकडे भिंतीवर साखळीला एक लहान नळकांडं टांगलंय, आतला व्यास ३१.७ मिलिमीटर. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कुठलाही सुटा किंवा निघू शकणारा भाग त्यात पूर्ण मावला तर ते खेळणं बाद. खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या मानकांमधलंच माप आहे ते. त्या वयाच्या मुलाच्या घशाचा अंदाज धरून ठरवलेलं. आमचा ग्रीक सुतार चाकं नुसती चिकटवून थांबत नाही. आसाच्या टोकाला चीर पाडून आत पाचर ठोकतो, मग खेळणं छातीइतक्या उंचीवरून फरशीवर टाकतो. शाबूत राहिलं तरच पुढे पाठवायचं.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट दिली आहे. आपण विकणार नसलो तरी त्या मानकातल्या कसोट्या आपण होऊन पाळाव्यात. फुकट दिलेल्या खेळण्याने मूल कमी गुदमरत नाही.

डोंबिवली_लोकल

लेख आवडला, पण माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. शंभर खेळणी घाऊक बाजारातून आणली तर लाकडाच्या किमतीपेक्षा स्वस्त पडतील. पाच-सहा निवृत्त लोकांनी महिनाभर खपून वीस गाड्या बनवायच्या, त्यापेक्षा तेच पैसे सरळ संस्थेला द्यावेत. दुसरं म्हणजे, आमच्या भागातल्या सुतारांना आधीच काम कमी झालंय. सगळं तयार फर्निचर येतं. त्यात हौशी लोकांनी फुकट कपाटं बनवून वाटली तर त्यांच्या पोटावर पाय येणार नाही का?

सागवान

रागावण्याचा प्रश्नच नाही, हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

जे बाजारात बरं आणि स्वस्त मिळतं ते शेडने बनवूच नये, असं माझं ठाम मत आहे. शाळेला टेबल-खुर्च्या हव्या असतील तर पैसे गोळा करून स्थानिक सुताराला काम द्यावं. शेडने घ्यायची ती कामं बाजारात न मिळणारी. कुणा एका माणसाच्या मापाची, एकच नग लागणारी, आणि ज्यात चार वेळा जाऊन बदल करावे लागतात अशी. व्यापारी सुताराला हे परवडत नाही, कारण त्याचा वेळ जातो आणि पैसे सुटत नाहीत. आपल्याकडे वेळच तर आहे.

आणि सुतार आपल्यात हवा, मानधन घेऊन, शिकवणारा म्हणून. आपण हौशी लोक त्याच्याशिवाय शून्य आहोत. यंत्रावरची शिस्त, लाकडाची पारख, गाठ कुठे आहे आणि रेषा कुठे वळते ते तोच सांगणार.

ब्लूरिज

इथे अमेरिकेत मी ज्या उपक्रमात जातो त्याबद्दल सांगतो, कारण डोंबिवली_लोकल यांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. 'स्लीप इन हेवनली पीस' नावाची संस्था आहे. २०१२ साली आयडाहो राज्यातल्या ट्विन फॉल्स इथे ल्यूक मिकलसन यांनी आपल्या गॅरेजमध्ये काही पलंग बनवून सुरुवात केली. 'आमच्या गावात एकही मूल जमिनीवर झोपणार नाही' हे त्यांचं ब्रीद. ३ ते १७ वयाच्या, घरी स्वतःचा पलंग नसलेल्या मुलांसाठी पलंग बनवतात, आणि गादी-चादर-उशीसकट घरी नेऊन जोडून देतात.

इथे काम एकाच मापाचं, एकाच दिवशी, पण माणसं खूप. वाहनतळावर टेबलं मांडतात. एका टेबलावर कापणं, दुसऱ्यावर घासणं, तिसऱ्यावर ठरलेल्या साच्यात भोकं पाडणं, मग जोडणी. प्रत्येक टेबलावर लाकडी साचा असतो, त्यामुळे ड्रिल पहिल्यांदा हातात घेणारी शाळकरी पोरंही बरोबर ठिकाणी भोक पाडतात. रंगासाठी व्हिनेगरमध्ये स्टील वूल विरघळवून केलेलं पाणी वापरतात. स्वस्त, आणि लाकूड जुनं, तपकिरी दिसायला लागतं. माझी दोन्ही मुलं घासायच्या टेबलावर होती.

पैसे देऊन पलंग विकत आणता आला असता का? आला असता. पण पलंग द्यायला आम्ही एका घरी गेलो तेव्हा तिथल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीने पाना मागून घेतला आणि शेवटचे चार बोल्ट स्वतः आवळले. तो पलंग तिचाच झाला. ज्याला वस्तू द्यायची त्याला ती पूर्ण करू द्यावी, हे मी तिथे शिकलो.

मधुमालती

ब्लूरिज, हे वाचून खरंच बरं वाटलं.

चाकणचा_चाकरमानी

उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आमच्या पट्ट्यात पॅकिंगच्या लाकडाला तोटा नाही. परदेशातून यंत्रं येतात त्यांचे खोके आणि पॅलेट कंपन्या भंगारात देतात. पाइनचं लाकूड असतं, रंधा मारला की आतून सुंदर निघतं.

पण सगळे पॅलेट घेऊ नका. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का असतो, त्यात देशाचं अक्षर आणि प्रक्रियेचा कोड. 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते अजिबात नको. शिक्काच नसेल, किंवा तेलाचे-रसायनांचे डाग असतील तरी सोडून द्या. खिळे उपसताना लाकूड फाटतं, म्हणून दोन फळ्यांच्या फटीत करवतीचं पातं घालून खिळा कापायचा. आणि रंध्याला लावण्याआधी लोहचुंबक फिरवून बघाच, मोडलेला एक खिळा आत राहिला तर पातं गेलं.

सागवान

चाकणचा_चाकरमानी, फारच मोलाची माहिती. यात एक भर: इथे हिरवट झाक असलेलं, वाळवीसाठी प्रक्रिया केलेलं पाइन खूप मिळतं. जुन्या प्रक्रियेत तांबं-क्रोमियम-आर्सेनिक असायचं, २००६ पासून इथे घराच्या ओट्यांना आणि खेळाच्या साधनांना ते वापरायला बंदी आहे. जुन्या कुंपणाचं लाकूड कुणी आणून दिलं तर आम्ही नम्रपणे परत करतो.

भुशाबद्दलही सांगून ठेवतो. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच ठरवलंय. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू चिकटवून दाबलेल्या फळीच्या) धुळीत फॉर्मल्डिहाइडचा चिकट पदार्थ असतो, ती आणखी वाईट. नाकावर रुमाल बांधून भागत नाही. प्रत्येक यंत्राला धूळ ओढणारा पाइप आणि चांगला मास्क हवा. नवीन शेडने आधी त्यावर खर्च करावा, मग दुसऱ्या यंत्रावर.

फिजिओताई

कोल्हापूरहून लिहितेय. मी सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलांबरोबर काम करते. वरचं 'एकच नग, एका माणसाच्या मापाचं' हे वाक्य वाचलं आणि उठून बसले. आम्हाला नेमकं हेच मिळत नाही!

पाठीला ताठरपणा असलेल्या मुलाला साध्या खुर्चीत बसवलं तर ते मागे कमान करतं आणि घसरून खाली येतं. त्याला 'कॉर्नर सीट' लागते. दोन पाठी काटकोनात जोडलेल्या, मूल त्या कोपऱ्यात बसतं, खांदे थोडे पुढे येतात आणि दोन्ही हात मध्यभागी समोर येतात. मग त्याला चमचा धरता येतो, खेळणं पकडता येतं. तयार मिळतात त्या महाग, आणि माप जुळत नाही. मूल वर्षभरात वाढतं, खुर्ची फुकट जाते. आमच्याकडच्या एका आईने नवऱ्याच्या दुकानातला लाकडी खोका कापून कोपरा केला होता आणि तो बाहेरून आणलेल्या खुर्चीपेक्षा चांगला चालला, कारण तो त्या मुलाच्या मापाचा होता.

मापं अशी घ्यावी लागतात. बसण्याची खोली म्हणजे कुल्ल्यांच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत, त्यातून दोन बोटं वजा. नाहीतर कड गुडघ्याच्या मागे रुतते. पाठ खांद्यापर्यंत. पाय लोंबकळायला नकोत, तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघा आणि घोटा काटकोनात. मांड्या एकमेकींवर जाऊ नयेत म्हणून मधे गोल कडांचा, गादी लावलेला एक खुंटा, पण मुलाला घसरण्यापासून अडवायला तो वापरायचा नाही. त्यासाठी कमरेचा पट्टा, मांडी आणि पाठ यांच्या मधल्या कोनातून तिरका येणारा. समोरचा ट्रे कोपराच्या उंचीला. गादीवर रेक्झिन, कारण लाळ आणि खाणं सांडतं, पुसता आलं पाहिजे.

आणि हे सगळं थेरपिस्टने मूल बघूनच ठरवायचं. फोटोवरून किंवा वयावरून कधीच नको. दिवसभर बसवून ठेवायची खुर्ची नाही ती, थोडा थोडा वेळ कामासाठी आहे.

सागवान

फिजिओताई, तुमचा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावणार आहे. आपल्याकडे काय बनवायचं याचं उत्तर मिळालं.

लगेच डोक्यात आलं ते लिहितो. १८ मिलिमीटरचं पाणी सोसणारं प्लाय, सगळ्या कडांना लाकडी लिपिंग (चिकटवलेली पट्टी) आणि गोलाई. बसण्याची पाटी, पायाची पाटी आणि ट्रे हे तिन्ही भाग बाजूच्या फळ्यांत २५ मिलिमीटरच्या अंतराने पाडलेल्या भोकांच्या ओळीवर बसवायचे, मागून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा आट्यांचा नट) आणि पुढून हाताने फिरवायचा बोल्ट. मूल वाढलं की आईला घरीच एक भोक वर सरकवता येईल, पुन्हा आमच्याकडे यायला नको. भोकांची ओळ दोन्ही बाजूंना तंतोतंत एका पातळीत हवी, नाहीतर पाटी तिरकी बसेल आणि मूल एका बाजूला कलेल. त्यासाठी भोकं पाडायचा एकच साचा दोन्ही फळ्यांना वापरायचा, मापून खुणा करत बसायचं नाही. टूलरूमची सवय इथे कामाला येईल.

बालवाडी_सेविका

मीही एक मागणी नोंदवते. आमच्या अंगणवाडीत लाकडी ठोकळे हवेत. प्लॅस्टिकचे आहेत, ते हलके, रचले की लगेच पडतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला गावात मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधनं केली, आम्ही ते वाचून शिकलो. पण ठोकळे काही आम्हाला जमले नाहीत. एका सुताराकडून उरलेले तुकडे आणले, प्रत्येकाचं माप वेगळं, रचले की भिंत वाकडी.

सागवान

बालवाडी_सेविका, हे काम दिसायला सोपं पण करायला कडक आहे, म्हणूनच मला आवडतं. कॅरोलिन प्रॅट या अमेरिकन शिक्षिकेने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ठरवलेलं प्रमाण आजही जगभर वापरतात: जाडी, रुंदी, लांबी १:२:४. मूळ ठोकळा १ ३/८ × २ ३/४ × ५ १/२ इंच. दोन अर्धे मिळून एक पूर्ण, दोन पूर्ण मिळून एक दुप्पट. मुलं बेरीज आणि अपूर्णांक बोटांनीच शिकतात.

अडचण अशी की दहा ठोकळे एकावर एक रचले की प्रत्येकातली अर्ध्या मिलिमीटरची चूक मिळून पाच मिलिमीटर होते, आणि मनोरा कलंडतो. शिवाय पूर्ण ठोकळा मधोमध कापून अर्धे करता येत नाहीत, कारण करवतीचं पातं तीनेक मिलिमीटर लाकूड खातं. लांब पट्टी यंत्रावर एकाच जाडी-रुंदीची काढायची आणि प्रत्येक लांबीसाठी करवतीला वेगळा अडसर लावून तुकडे पाडायचे. वाळलेलं कठीण लाकूड हवं, रबरवुड चालेल. ओलं वापरलं तर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मापं बदलतील.

तुमची चिठ्ठी फळ्यावर लागली असं समजा. किती मुलं आहेत आणि ठोकळे कुठे ठेवणार ते कळवा, त्यावरून संच ठरवू.

डोंबिवली_लोकल

खुर्ची आणि ठोकळ्यांचं वाचून माझी शंका फिटली. हे बाजारात खरंच मिळत नाही. आता व्यावहारिक बोलतो. जागा कुठली? सोसायटीच्या पार्किंगमध्ये राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) लावला तर दुसऱ्या दिवशी तक्रार. आणि कुणाचं बोट गेलं तर?

पांगारा

जागेसाठी शाळा बघा. ज्या शाळांत 'मूलभूत तंत्रज्ञान' शिकवतात तिथे कार्यशाळा आधीच असते. पाबळच्या विज्ञान आश्रमाने, १९८३ साली डॉ. कलबागांनी सुरू केलेल्या, हा अभ्यासक्रम बऱ्याच गावशाळांत नेला. शाळा सुटल्यावर आणि रविवारी ती जागा रिकामी असते. मुलांनाही जुन्या कारागिरांबरोबर काम करायला मिळेल.

सागवान

पांगारा, ही सूचना पक्की धरतो. नवी संस्था नोंदवण्यात वर्ष घालवण्यापेक्षा आधीपासून नोंदणी असलेल्या एखाद्या न्यासाच्या छत्राखाली सुरू करावं, म्हणजे हिशेब, लेखापरीक्षण आणि अपघात विमा त्यांच्याकडून होईल.

बोटाबद्दल: आमच्याकडे टेबल-करवतीची किल्ली फक्त प्रशिक्षण झालेल्यांकडे असते, आणि शेडमध्ये एकट्याने यंत्र चालवायला परवानगी नाही, कितीही अनुभवी असला तरी. हातमोजे घालून फिरत्या यंत्रापाशी जायचं नाही, मोजा अडकला की हात ओढला जातो. पुण्यात पहिलं वर्ष टेबल-करवत नकोच असं मला वाटतं. प्लाय दुकानातून मापात कापून मिळतं. आपण हात-ड्रिल, छोटा राउटर, घासायचं यंत्र आणि हातहत्यारं यांवर कॉर्नर सीट पूर्ण करू शकतो.

फिजिओताई

मग मी एका मुलाची मापं पाठवू का? चार वर्षांचा आहे. आईची तयारी आहे, मी बोललेय तिच्याशी. एक अट: खुर्ची झाली की आधी माझ्याकडे यावी, मूल बसवून बघितल्याशिवाय घरी द्यायची नाही. आणि पहिल्या खुर्चीला रंग लावू नका, बदल करावे लागतीलच.

सागवान

जरूर पाठवा. मापांबरोबर मूल कुठल्या बाजूला जास्त कलतं आणि घरात जमिनीवर बसतात की टेबलाशी, तेही लिहा, त्यावरून बैठकीची उंची ठरेल. मी डिसेंबरात पुण्यात येतोय. साचा इथून बनवून आणतो, प्लाय आणि टी-नट तिथेच घेऊ. चाकणचा_चाकरमानी, ट्रेसाठी पाइनच्या दोन चांगल्या फळ्या बाजूला काढून ठेवाल का? गाठ नसलेल्या, १८ ते २० मिलिमीटर जाडीच्या.

चाकणचा_चाकरमानी

ठेवतो. एचटी शिक्क्याचा फोटो इथेच टाकतो, म्हणजे सगळ्यांना ओळखता येईल. किती लांब हव्यात?

मधुमालती

माझ्याकडे शिवणयंत्र आहे, रेक्झिन शिवता येतं. गादीचं काम माझ्याकडे द्या. आणि कडा घासायलाही येते!

सागवान

चाकणकर, दोन्ही फूट-दीड फूट असल्या तरी पुरे. मधुमालती, गादीचं माप फिजिओताईंच्या कागदावरून काढू. शिवण खालच्या बाजूला घ्या, मुलाच्या अंगाला लागेल अशी कुठेच नको, आणि खोळ काढून धुता येईल अशी वेल्क्रोची.